‘सिग्नल गेला’ म्हणण्याआधी हे बघा: आरसी (रिमोटवरचं) विमान पुन्हा पुन्हा का पडतं किंवा हरवतं

समस्या अशी की विमान छान उडत असतं, मग मध्येच ऐकेनासं होतं आणि एकतर शेतात नाक खुपसतं नाहीतर झाडांच्या पलीकडे दिसेनासं होतं. दुरुस्त केलं किंवा नवीन बांधलं तरी काही महिन्यांत परत तेच. आणि विचारलं काय झालं, तर उत्तर ठरलेलं, सिग्नल गेला.

जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या सेटच्या काळात हे उत्तर चालायचं, कारण तेव्हा मैदानावर दोघांनी एकाच चॅनलवर ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू केला की हवेतलं विमान गेलंच. आता जवळजवळ सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, सेट स्वतःच फ्रिक्वेन्सी बदलत राहतो, विमानातला रिसीव्हर फक्त आपल्या बाइंड केलेल्या (जोडी जुळवलेल्या) ट्रान्समीटरचंच ऐकतो. सिग्नल अजूनही जातो, नाही असं नाही, पण डोळ्यांना दिसतंय तेवढ्या अंतरात तो आपोआप जाणं दुर्मीळ. बहुतेक वेळा कारण जमिनीवरच तयार झालेलं असतं आणि उडवण्याआधी दोन मिनिटं दिली असती तर दिसलं असतं. म्हणून आधी निदान, मग उपाय.

पहिला प्रश्न: थ्रॉटल (मोटारचा वेग ठरवणारी काठी) खाली ओढल्यावर मोटारचा आवाज बंद झाला का?

विमान हाताबाहेर गेलं की बहुतेक जण घाबरून थ्रॉटल शून्यावर आणतातच, मग तेव्हा कानाला काय ऐकू आलं ते आठवा, मोबाइलवर कोणी शूट केलं असेल तर त्यातला आवाज ऐका. मोटार तुमच्या थ्रॉटलबरोबर बंद झाली असेल तर सिग्नल व्यवस्थित होता, विषय संपला, कारण दुसरीकडे शोधा. (फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ती सोय, नीट लावलेला असेल तर सिग्नल जाऊनही मोटार बंद होते, त्यामुळे काठी ओढण्याच्या आधीच आवाज थांबला की नंतर, एवढं मात्र बारकाईने ऐका.)

आमच्यातल्या एकाचं विमान असंच गेलं, मुंबईबाहेर वांगणीच्या पुढे भातकापणी झालेल्या शेतात. लूप मारला, खाली येताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला आणि विमान वर यायच्या ऐवजी सरळ बांधावर. सिग्नल, सिग्नल करत होता, रिसीव्हर बदलायला निघाला होता. व्हिडिओत मात्र आपटायच्या आधी मोटार बंद झाल्याचं स्वच्छ ऐकू येत होतं, त्याने थ्रॉटल ओढल्यावर. मग अवशेष उघडून बघितले तर एलिव्हेटरच्या सर्व्होचा, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटारचा, हात दातांवरून निघालेला आणि त्याला धरून ठेवणारा तो मधला बारीक स्क्रू जागेवर नाहीच. आदल्या रात्री सर्व्हो बदलला होता, सेंटर करायला हात काढला, परत नुसता दाबून बसवला, स्क्रू राहिला तो टेबलावरच. साध्या उड्डाणात नुसता दाबलेला हातसुद्धा टिकतो, जोर पडला की निघतो. जमिनीवर एलिव्हेटरची पट्टी चिमटीत धरून हळूच विरोध केला असता तर तिथेच हातात आलं असतं. नुसती काठी हलवून ‘हलतंय, चला’ म्हणणं हा चेक नव्हे, पट्टीला थोडा जोर लावून बघायचं.

तेव्हा मोटार ऐकते पण एखादीच दिशा ऐकत नाही, तर दोष मेकॅनिकल: सर्व्होचा स्क्रू, क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) उघडलेला, हॉर्न (पट्टीवरचा खुंट) फोममधून उखडलेला, पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची सळई) वाकलेला, टेपचा बिजागर सुटलेला. सर्व्होचे दात तुटले असतील तर हात बोटाने फिरवताना कटकट असं लागतं.

सगळंच एक-दोन सेकंद मेलं आणि मग परत आलं?

हे लोक हमखास सिग्नलवर ढकलतात, पण बघा हे कधी होतं: फुल थ्रॉटलवर, किंवा जोरात रोल-लूप करताना, किंवा बॅटरी संपत आल्यावर. म्हणजे करंट जास्त ओढला जातो तेव्हा. हा रिसीव्हरच्या वीजपुरवठ्याचा प्रॉब्लेम आहे. स्वस्तातल्या ३० अँपिअरच्या ईएससीमध्ये (मोटारचा वेग सांभाळणारं सर्किट) बहुधा लिनिअर बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) असतो, ५ व्होल्ट, २ अँपिअर. पूर्ण चार्ज ३एस (तीन सेलची) बॅटरी म्हणजे १२.६ व्होल्ट, त्यातले ७.६ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो, म्हणजे सर्व्होंनी १ अँपिअर ओढला की साडेसात वॉटच्या वर तापतो, आणि तो बसलाय कुठे तर बंद फोमच्या पोटात, एप्रिलच्या उन्हात, हवा जायला भोक नाही. चार साधे ९ ग्रॅमचे सर्व्हो सुरळीत चालत असतील तर निभतं, त्यातला एक अडकून घुंऽऽ करत बसला की तो एकटाच अर्ध्या अँपिअरच्या वर खातो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर रीस्टार्ट होतो, आणि तेवढ्यात विमान आपल्या मनाने जातं.

जमिनीवर पकडायचं कसं? कोणालातरी विमान मागून घट्ट धरायला सांगा, प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) रेषेत कोणी नको, थ्रॉटल पाऊण द्या आणि सगळ्या काठ्या एकदम गरागरा फिरवा दहा-पंधरा सेकंद. सर्व्हो मध्येच थबकले किंवा रिसीव्हरचा लाइट लुकलुकला की समजा. उपाय म्हणजे वेगळा स्विचिंग (कमी तापणारा) बीईसी, ३ ते ५ अँपिअरचा, आणि तो लावताना ईएससीच्या सर्व्हो वायरमधली मधली लाल पिन काढून टेप लावायची. ४एस बॅटरी टाकणाऱ्यांनी तर हे आधीच करावं. अडकणारा सर्व्हो ऐकून सापडतो, काठी मध्यावर असताना घुरघुरत असेल तर लिंकेज कुठेतरी घासतंय.

मोटार बंद पडली पण बाकी सगळं चालत होतं?

हा बहुधा दोष नाही, ईएससीचा लो व्होल्टेज कटऑफ आहे, बॅटरी संपली म्हणून त्याने मोटार तोडली आणि उरलेली वीज सर्व्होंसाठी ठेवली. विमान तेव्हा ग्लायडर झालेलं असतं, आरामात उतरवता येतं, पण लोक घाबरून एलिव्हेटर ओढतात, वेग मरतो, स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) एका पंखावर पडतं. नाक किंचित खाली ठेवा आणि समोर जिथे जागा आहे तिथे उतरवा, परत आपल्या उडवायच्या जागेवर आणायचा हट्ट नको.

मूळ कारण मात्र चार्ज न बघता लावलेली बॅटरी. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट. पाचशेच्या आतला सेल चेकर मिळतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सोल्डर-कनेक्टर आणायला जाल तेव्हा घेऊन या. एकूण व्होल्टेज बघून उपयोग नाही, सेल वेगवेगळे बघायचे, दोन ४.२ आणि एक ४.० असेल तर ती बॅटरी बाजूला, हवेत तो एक सेल आधी झोपणार. ट्रान्समीटरवर टायमर लावा आणि उतरल्यावर सेल ३.७ च्या खाली सापडले तर टायमर कमी करा.

हातातून सोडलं की लगेच उलटं?

तीन संशयित आहेत. पहिला, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उलटे. मागून बघायचं, काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. एलिव्हेटरची काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. हे ‘मला माहितीये’ म्हणणारेच जास्त चुकतात, कारण सर्व्होची वायर अदलाबदल झाली किंवा ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्याच विमानाची मेमरी चालू राहिली हे त्यांना माहीत नसतं. दोन विमानं घेऊन येणाऱ्यांनी ट्रान्समीटर चालू केला की स्क्रीनवरचं मॉडेलचं नाव मोठ्याने वाचायचं, हसतील लोक, हसू देत.

दुसरा, जायरो उलटा. स्टॅबिलायझर (जायरो सेन्सरवरून विमान आपोआप सरळ ठेवणारी यंत्रणा) असेल तर काठ्या तपासून भागत नाही, तो मोड लावून विमान हातात धरून कलवून बघावं लागतं: उजवा पंख खाली झुकवला की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, नाक वर केलं की एलिव्हेटर खाली. उलट होत असेल तर जायरो मदतीच्या नावाखाली विमान पाडतोय. बॅटरी जोडल्यावर काही सेकंद विमान अजिबात हलवायचं नाही, तेव्हा तो स्वतःचं सपाट काय ते शिकत असतो.

तिसरा आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा, सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, मागे गेलेला. साध्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून, पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर तोल हवा, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद पंखाला ५ ते साडेसहा सेंटिमीटर. (फ्लाइंग विंगला, म्हणजे शेपूट नसलेल्या विमानाला, हा हिशोब लावू नका, तिथे तो बराच पुढे असतो, प्लॅनवरचा आकडाच धरा.) लोक बांधताना एकदा बघतात आणि सोडून देतात. पण हिशोब करा: ९०० ग्रॅमचं विमान, त्यात १८० ग्रॅमची बॅटरी, ती ५ सेंटिमीटर मागे लागली तर विमानाचा तोल पूर्ण १ सेंटिमीटर मागे सरकतो. दुसऱ्या कंपनीची थोडी आखूड बॅटरी आणली आणि डब्यात मागे ढकलून झाकण लावलं, झालं काम. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं पण परत येतं, शेपूट जड असलेलं पहिल्याच वळणात हातचं जातं. उन्हाने वेल्क्रोचा गम सुटतो, फुल थ्रॉटलने चढताना बॅटरी आपोआप मागे सरकते, म्हणून वेल्क्रो असला तरी पट्टा हवाच.

लांब लांब गेलं आणि आलंच नाही?

इथे सिग्नलचा संशय खरा धरा, पण आधी स्वतःला विचारा की विमान येतंय का जातंय हे तुम्हाला दिसत होतं का. समोर सूर्य किंवा पांढुरकं आभाळ असेल तर नुसती काळी आकृती दिसते, उजवीकडे वळवतोय असं वाटतं आणि ते डावीकडे जातं. पंखाखाली एका बाजूला भडक रंग मारा.

खरंच सिग्नलच असेल तर अँटेना बघा. रिसीव्हरच्या बारीक वायरच्या टोकाला साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा भाग असतो, तोच खरा अँटेना. तो वाकला, तुटला, बॅटरीखाली दबला की रेंज गेली. दोन असतील तर एकमेकांशी काटकोनात. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुरुस्ती: मागच्या वेळी मोडलेलं धड कार्बनचा पाइप घालून जोडलं, विमान दणकट झालं, पण कार्बन सिग्नल अडवतो आणि अँटेना नेमका त्याच्याच आड. म्हणून दुरुस्तीनंतर रेंज चेक व्हायलाच हवा. ट्रान्समीटरला रेंज चेकचा मोड असतो, त्यात पॉवर खूप कमी होते, विमान जमिनीपासून थोडं वर ठेवून तीसेक पावलं चालत जा आणि काठ्या हलवा, एकदा मोटार बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. मोटार चालू असतानाच गडबड होत असेल तर परत वरचा बीईसीचा भाग वाचा. उडवताना ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखायचं नाही, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

फेलसेफ तर बहुतेकांनी बघितलेलाच नसतो. स्वस्त सेटमध्ये तो आपणच लावावा लागतो, नाही लावला तर काही रिसीव्हर शेवटची कमांड धरून बसतात, म्हणजे तुमचं विमान पाऊण थ्रॉटलवर सरळ अंबरनाथच्या दिशेने. थ्रॉटल शून्य, बाकी मधोमध, असं सेट करा, मग विमान नीट धरून थोडा थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटार थांबली पाहिजे. नवीन बाइंड केलं की हे परत करायचं, बऱ्याच सेटमध्ये बाइंड केल्यावर ते पुसलं जातं.

मग चेक राहतो कधी?

माझ्या मते हा सगळ्या पोस्टमधला महत्त्वाचा भाग. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी जवळजवळ सगळेच तपासतात. राहतो तो दुसऱ्या-तिसऱ्या बॅटरीला. पहिली फ्लाइट मस्त झालेली असते, मग चहा, वडापाव, कोणीतरी फोटोसाठी विमान शेपटीला धरून उचलतं, कोणाचं तरी पोर एलेरॉन खालीवर करून बघतं, आणि मग नवी बॅटरी ढकलून थेट हवेत. ‘आत्ताच तर उडालं होतं’ हे वाक्य ऐकू आलं की सावध व्हा, कारण आत्ता उडालं ते वेगळ्या बॅटरीवर, वेगळ्या तोलावर आणि लँडिंगचा दणका बसायच्या आधी.

म्हणून चेक दिवसाला बांधू नका, बॅटरीच्या कनेक्टरला बांधा. एक्सटी-६० जोडला की दर वेळी ठरलेलं: मॉडेलचं नाव, पट्टा, पंखांखाली दोन बोटं लावून तोल, मागे उभं राहून चारी दिशा, प्रत्येक पट्टीला चिमटीने थोडा विरोध, प्रॉपचा नट. लँडिंग जोरात झालं असेल किंवा दुसऱ्या कोणी हात लावला असेल तर रेंज चेकसुद्धा. क्रमही तोच ठेवा, मध्ये कोणी बोलायला आलं तर पहिल्यापासून.

आपल्याकडे घाईची कारणंही ठरलेली आहेत. मुंबईत उडवायला जागा नाहीच, एकीकडे सांताक्रूझचं विमानतळ, जुहूचं, नौदलाचा भाग, आता नवी मुंबईचंही विमानतळ, शिवाय ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरच्या हलक्या विमानांवर पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघतच असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन बघूनच जागा ठरवा आणि विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवा. त्यामुळे सगळे जातात बदलापूर, वांगणी, नेरळकडे, रविवारी, आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. पंख लगेजच्या डब्यात माशांच्या टोपल्यांशेजारी उभा करून नेलेला, कोणीतरी टेकलेलं, पुशरॉड तिथेच वाकतो. पोचेपर्यंत उशीर, दहा-अकरानंतर वारा वाढायला लागतो, खारे वारे जोर धरायच्या आत दोन फ्लाइट काढायच्या म्हणून चेकला सुट्टी. माझं सरळ मत आहे, उशीर झाला तर एक फ्लाइट कमी उडवा.

पावसाळ्यानंतरची पहिली फ्लाइट हा वेगळाच प्रकार. जूनपासून विमान माळ्यावर पडलेलं असतं, मुंबईच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, बिजागराची टेप सुटते, सनबोर्डचा (फोमच्या शीटचा) कागद फुगून पंखाला पीळ पडतो, हॉट ग्लूने चिकटवलेली मोटारची लाकडी पट्टी नखाने निघते. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली असेल तर फुगलेली सापडणार, फुगलेली वापरायची नाही, ठेवताना सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचं. दसऱ्याच्या सुमारास घरीच सगळे कनेक्टर काढून घालून बघा, पंख डोळ्यासमोर धरून पीळ बघा, सीजी नव्याने काढा, मग तिकीट काढा.

गेलंच, तर शोधायचं कसं

नजर हलवू नका. दिसेनासं झालं त्या दिशेला लांबचं एक झाड किंवा विजेचा टॉवर पकडा आणि एकाने तिथेच उभं राहून तुम्हाला हाताने त्या रेषेत ठेवायचं. ट्रान्समीटर चालू ठेवून चाला, बॅटरी जोडलेली असेल तर मधूनमधून एलेरॉन हलवा, शांत शेतात सर्व्होचा आवाज बऱ्यापैकी लांबून ऐकू येतो. थ्रॉटलला हात लावू नका, प्रॉप गवतात अडकला असेल तर मोटार आणि ईएससी जळतो. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर छोटा बझर लावून ठेवला तर हे काम फार सोपं होतं. धडावर मराठीत मोबाइल नंबर आणि ‘सापडल्यास फोन करा’ लिहा, गावातली पोरं आपल्याआधी पोचतात आणि बहुतेक वेळा फोनही करतात. उभ्या पिकात शिरायचं असेल तर शेतकऱ्याला विचारूनच.

सापडलं की पहिली बॅटरी काढा. चेपलेली लायपो बॅटरी लगेच पेटेल असं नाही, उशिरानेही पेटते, त्यामुळे ती बॅगेत घालून लोकलमध्ये चढायचं नाही, उघड्यावर सगळ्यांपासून लांब ठेवून लक्ष ठेवा. मग काहीही न हलवता फोटो काढा: प्रत्येक सर्व्होचा हात, क्लेव्हिस, बॅटरी कुठे सरकलीये, अँटेना कसा आहे. घरी आणून साफ केल्यावर कारण सापडत नाही.

एवढं करूनही कळलं नाही तर खाली लिहा, पण नुसतं ‘अचानक पडलं’ नको. विमानाचं वजन, पंखाची रुंदी आणि सीजी किती ठेवला होता, बॅटरी किती एस आणि ती कितवी होती, ईएससी आणि बीईसी कुठला, सर्व्हो किती, शेवटची दुरुस्ती काय केली, पडताना तुम्ही काय करत होतात, आणि थ्रॉटल ओढल्यावर मोटार थांबली का, हे सगळं टाका, फोटो असतील तर उत्तमच.